ब्राँक्स हायस्कूल ऑफ सायन्स

न्यूयॉर्क शहरातील, महाविद्यालयीन शिक्षणाची पूर्वतयारी करून घेणारे सरकारी विज्ञान विद्यालय. स्थापना १९३८, पहिले मुख्याध्यापक मॉरिस माइस्टर. मुलींना प्रवेश १९४६ पासून. लीऑन कूपर, स्टीव्हन वाइनबर्ग, शेल्डन ग्लाशो, रॉय ग्लाउबर हे पदार्थविज्ञानातील आणि रॉबर्ट लेफ्कोविट्झ हे रसायनशास्त्रातील नोबेल मानकरी येथलेच विद्यार्थी. हे सारे श्रेय मात्र अभ्यासक्रमाच्या पदरात टाकता येत नाही. वाइनबर्ग व ग्लाशो १९५० च्या एकाच तुकडीतले. त्या काळी शालेय गणित घनभूमितीपाशी संपे. ग्लाशो यांना कलन शिकवले ते एका वर्गमित्राने, शाळेच्या भोजनगृहात, आणि पदार्थविज्ञानाची ओढ लावली ती भुयारी रेल्वेतून सोबत येणाऱ्या मित्रांनी, असे त्यांनीच नमूद केले आहे. शाळेचे खरे देणे म्हणजे ही संगत.

हुशार मुले चाळून घेतल्यावर यश येणारच, हा आक्षेप बिनबुडाचा नाही. अब्दुलकादिरोग्लू, अँग्रिस्ट व पाठक या अर्थशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये बॉस्टन व न्यूयॉर्कच्या अशा, परीक्षा घेऊन प्रवेश देणाऱ्या शाळांत प्रवेशरेषेच्या किंचित वरचे आणि खालचे विद्यार्थी ताडून पाहिले. पुढील परीक्षांच्या गुणांत फारसा फरक आढळला नाही. पण ही तुलना रेषेलगतच्या मुलांची आणि प्रामुख्याने गुणांची. प्रयोगाची सवय किंवा संशोधनाची जिद्द त्यात मोजली जात नाही. अवघड प्रश्न वेगळाच आहे: ही संगत कोणाच्या वाट्याला येते? १९७१ च्या राज्य कायद्याने प्रवेश मुख्यतः एकाच लेखी परीक्षेवर सोपवला. शहराच्या शाळांतील संख्येच्या मानाने कृष्णवर्णीय व लॅटिनो मुले येथे फारच थोडी आहेत, आणि एका परीक्षेवर इतका भार टाकणे समर्थनीय नाही.