बंबाचा धूर आणि फाट्यावरचा धूर

पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

गेल्या आठवड्यात आपल्याकडच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर चांगलीच जुंपली. बंगल्यांच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी सकाळी साडेसहाला गच्चीवरून फोटो काढून टाकला. खाली वाडीवर निळसर धुराचा थर. सोबत ओळ, "गावकऱ्यांनी बंब पेटवणं बंद करावं, आम्ही इथे स्वच्छ हवेसाठी येतो." अर्ध्या तासात वाडीतल्या एका पोरानं रविवार संध्याकाळचा कार्ला फाट्यावरचा जॅम टाकला. "आधी हे बंद करा." पुढं दिवसभर जे व्हायचं ते झालं. शेवटी दोन्ही बाजूंनी मलाच टॅग केलं, पत्रकार साहेब तुम्हीच सांगा.

सांगतो. पण थोडं मागं जावं लागेल, कारण हे भांडण या दोघांनी सुरू केलेलं नाही.

थंडीत एकवीरेच्या पायऱ्या चढताना मध्ये थांबून खाली बघा. जुना मुंबई-पुणे हायवे, मग इंद्रायणी, मळवलीचं स्टेशन आणि रेल्वे, त्यापलीकडं एक्स्प्रेसवे, आणि मागं लोहगड-विसापूर. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० चा, घाटातली रेल्वे १८६३ ची, एक्स्प्रेसवे पूर्ण सुरू झाला २००२ साली. दोनशे वर्षं मुंबईहून देशावर जाणारं सगळं आपल्या या चिंचोळ्या खोऱ्यातून जातंय. प्रत्येकानं आपापला धूर आणला. आधी कोळशाच्या इंजिनांचा, मग डिझेलचा.

आता गंमत बघा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत धुराची मोठी ओरड होती. गिरण्या कोळशावर चालायच्या. १९१२ साली मुंबई सरकारनं धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा केला. रोख भट्ट्या आणि बॉयलरच्या धुराड्यांवर. घरातली चूल कुणाच्या नजरेतच नव्हती. त्याच काळात टाटांची जलविद्युत योजना उभी राहत होती, आणि त्यासाठी पाणी अडवलं ते आपल्याकडं. लोणावळा, वळवण, शिरोता. १९१५ मध्ये हे पाणी घाटाखाली खोपोलीच्या वीजघरात पडू लागलं आणि मुंबईच्या गिरण्या विजेवर फिरू लागल्या. पुढं आंद्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण झालं. शेजारच्या मुळशीत १९२१ साली शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला, तोही टाटांच्याच धरणाविरुद्ध. जमिनी गेल्याच.

म्हणजे मुंबईचा धूर कमी करायला मावळ-मुळशीचं पाणी आणि जमीन गेली. आणि त्या धरणांच्या काठावरच्या घरांत त्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाक कशावर झाला? लाकडावर. दुसऱ्या दिवशीही. माझ्या आजीच्या घरात पहिला विजेचा दिवा लागला, तेव्हा खोपोलीचं वीजघर पन्नाशी ओलांडून गेलं होतं.

रेल्वेचंही तसंच. १९२९ साली कल्याण-पुणे मार्गावर विजेची इंजिनं आली, १९३० मध्ये डेक्कन क्वीन सुरू झाली, आणि घाटातला इंजिनांचा धूर हटायला लागला. पण रेल्वेची ती वीज ठाकुर्लीच्या चोळा पॉवर हाऊसमध्ये कोळसा जाळून तयार व्हायची. धूर बंद झाला नव्हता, त्यानं मुक्काम हलवला होता. हे विजेच्या गाड्या घेणाऱ्यांनीही लक्षात ठेवायला हरकत नाही, अर्थात म्हणून त्या घेऊ नका असं मी म्हणत नाही.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. पंधरा-वीस वर्षं बातमीदारी करतोय. 'वाहनांच्या धुरात मावळ गुदमरतंय' या छापाच्या किती बातम्या दिल्या, मोजता येणार नाहीत. फोटो सोपा, हेडिंग तयार, पर्यटकांना शिव्या घातल्या की गावात लाईक. चुलीच्या धुरावर एक ओळ लिहिली नव्हती. तो बातमीचा विषय आहे हेच डोक्यात आलं नाही.

मग चार वर्षांपूर्वी आईला धाप लागायला लागली. तळेगावात डॉक्टरांनी तिला विचारलं, "आजी, बिडी ओढायचात का?" आई म्हणाली, "नाय वं, मिश्री लावते." डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारला, "चुलीपुढं किती वर्षं?" आईनं माझ्याकडं बघितलं. कारण तिला हिशेब येईना. मी मनात केला. लग्नाच्या आधीपासून धरून पंचावन्न वर्षं. सीओपीडी. जन्मात एक बिडी न ओढलेल्या बाईला.

त्यानंतर मी जरा वाचायला लागलो. कर्क स्मिथ नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ होते. त्यांनी आणि भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातच्या चार खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच हवेचे नमुने घेणारी यंत्रं लावली. १९८३ साली अभ्यास छापून आला. चुलीपुढं घनमीटरला सुमारे ७ मिलिग्रॅम कण, म्हणजे ७,००० मायक्रोग्रॅम. आज आपल्या देशात पीएम २.५ या बारीक कणांसाठी चोवीस तासांची मर्यादा ६० आहे. त्यांनी लहान-मोठे सगळे कण मोजले होते, त्यामुळं दोन आकडे थेट एकमेकांपुढं ठेवता येत नाहीत. तरी अंतर बघा.

स्मिथ यांचा दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. धूर किती निघाला हे एक, आणि तो कुणाच्या छातीत गेला हे वेगळं. घरात निघालेला एक ग्रॅम धूर माणसाच्या श्वासात जाण्याची शक्यता बाहेर निघालेल्या ग्रॅमपेक्षा साधारण हजारपट. एक्स्प्रेसवेवरचा ट्रक टनावारी ओकतो, पण वारा ते पसरवतो. चूल थोडंच देते, पण तोंडापुढं देते.

आणि घरातला धूर घरातच राहतो असंही नाही. आयआयटी मुंबईचे संशोधक सामील असलेला एक मोठा अहवाल २०१८ मध्ये आला. २०१५ सालात भारतात बाहेरच्या हवेतल्या बारीक कणांमुळं जे मृत्यू झाले, त्यात घरगुती सरपण-गोवऱ्यांच्या धुराचा वाटा अंदाजे २ लाख ६७ हजार होता. वाहतुकीचा सुमारे २३ हजार. हा आकडा वाचून मी माझी जुनी कात्रणं काढून बघितली. असो.

मग काय, बंगलेवाले बरोबर? थांबा.

तो आकडा सगळ्या देशाचा आहे, फाट्यावरच्या वडापाववाल्याचा नाही. रस्त्याचा धूर रस्त्याजवळ दाट असतो आणि दोन-तीनशे मीटरवर बराच विरतो. जो माणूस रोज बारा तास त्या दोन-तीनशे मीटरांत उभा असतो, त्याला देशाची सरासरी सांगून उपयोग नाही. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा मोठा वाटा वाहनांचाच, त्यात चूल फारशी नाही. शिवाय धूळ. पुण्यात एआरएआयनं २०१० च्या सुमाराला प्रदूषणाच्या स्रोतांचा अभ्यास केला, त्यात जाड कणांचा सगळ्यात मोठा स्रोत निघाला रस्त्यावरची उडणारी धूळ. ती धूळ इलेक्ट्रिक गाडीही उडवते. इंजिन मात्र सुधारलंय, हे मान्य करावं लागेल. शिसं असलेलं पेट्रोल २००० साली बंद झालं, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६. डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० वर आलं. चुलीत आईच्या जन्मापासून काय बदललं? १९८३ पासून निर्धूर चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. आमच्याकडं बसवलेल्या चुलीचं धुराडं दोन पावसाळ्यांत काजळीनं बुजलं, साफ करायला कुणी फिरकलं नाही, शेवटी आईनंच ती फोडली. २०१६ ला उज्ज्वला आली. सिलिंडर घरोघर दिसतो. चहा, पाहुणे आले की भाजी, एवढ्यापुरता. भाकरी आणि अंघोळीचं पाणी सरपणावरच, कारण सरपण डोंगरात आहे आणि रिफिलला रोख लागते.

ऋतूचाही हिशेब आहे. थंडीत खोऱ्यात गार हवा तळाशी बसते, वर उबदार हवेचं झाकण. त्या झाकणाखाली बंब, शेकोटी, ट्रक सगळं एकत्र कोंडतं. फोटोतला निळा थर तोच. त्यात कुणाचा धूर किती, हे गच्चीवरून सांगता येणार नाही. बंगल्यातल्या शनिवारच्या शेकोटीचाही त्यात असतो, बरं का. उन्हाळ्यात वणवे आणि भाताचे राब. आणि पावसाळ्यात, जेव्हा लाखो माणसं आपल्याकडं मोकळा श्वास घ्यायला येतात, तेव्हा बाहेरची हवा वर्षातली सगळ्यात स्वच्छ आणि दारं लावलेल्या घरात ओल्या लाकडाचा धूर सगळ्यात वाईट.

लंडनमध्ये डिसेंबर १९५२ मध्ये असंच झाकण पाच दिवस बसलं. हजारो माणसं गेली. कारखाने होतेच, पण घराघरांतल्या कोळशाच्या शेगड्याही होत्या. १९५६ च्या कायद्यानं पहिल्यांदा घरातल्या शेगडीला हात घातला, आणि त्यात एक गोष्ट होती जी आपल्या ग्रुपवर कुणीच बोललं नाही. शेगडी बदलायच्या खर्चात सरकारी पैसा घातला. नुसतं 'बंद करा' म्हटलं नाही.

बंब एक तर बाहेर पडवीत असतो, त्याचा धूर बराचसा वर जातो. त्या गृहस्थांना तो दिसला कारण तो बाहेर होता. चूल आत आहे, म्हणून ती फोटोत नाही. वाडीतल्या पोरालाही फाटा दिसला, मागच्या खोलीत भाकरी थापणारी आई दिसली नाही. मलाही वीस वर्षं दिसली नव्हती, म्हणून त्याला बोलत नाही.

काल त्या बंगलेवाल्या गृहस्थांना फोन केला. बोलायला माणूस चांगला निघाला. त्यांच्याकडं हवा मोजायचं छोटं यंत्र आहे, दिवाणखान्यात ठेवलेलं. म्हटलं, आठवडाभर उसनं देता का? दोन दिवस फाट्यावर ठेवू, दोन दिवस वाडीत, दोन दिवस आमच्या चुलीपाशी. आकडे जे येतील ते इथंच टाकीन, आणि पुढच्या ग्रामसभेत गरम पाण्याच्या सोलरचा विषय मांडीन. म्हणाले, येत्या रविवारी स्वतः घेऊन येतो, फाट्यावर ट्रॅफिक नसलं तर.