सुईच्या पानातली अळी आणि अ‍ॅनेटबाई

परसातल्या लिंबाच्या कोवळ्या पानावर चांदीसारखी नागमोडी रेघ आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. नागअळी पडली म्हणतो आणि पान खुडून टाकतो. ती अळी पानाच्या वरच्या नि खालच्या सालीमध्ये राहते, आतला गर खात पुढे सरकते आणि शेवटी तिचा इवलासा पतंग होतो.

आज आम्ही सांगणार आहोत ती अशीच एक अळी, पण अमेरिकेतली. ती ज्युनिपरवर असते. ज्युनिपरची पानं म्हणजे बारीक सुया नाहीतर खवले. पूर्वी शिसपेन्सिलींसाठी ज्याचं लाकूड वापरायचे तो तिकडचा लाल देवदार म्हणजे खरं तर ज्युनिपरच. एवढ्याशा पानात ही अळी घर करते! शेंडे तपकिरी पडले की ओळखायचं. तिच्या पतंगाला 1907 साली ऑगस्ट बुस्क यांनी शास्त्रीय नाव दिलं, आर्जिरेस्थिया अ‍ॅनेटेला.

नावातली अ‍ॅनेट ऐकलीत ना? त्याच काळात ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरात अशा पतंगांच्या मागे लागलेली एक तरुणी होती, अ‍ॅनेट ब्राउन. जन्म 1884 चा. 1911 साली सिनसिनाटी विद्यापीठाची पीएच.डी. मिळवणारी ती पहिली स्त्री. काही वर्षं अ‍ॅनेटबाईंनी तिथं काम केलं. पुढे मात्र घर हीच त्यांची प्रयोगशाळा झाली.

काम कसलं, तर पोखरलेली पानं गोळा करायची, जपून ठेवायची, चिठ्ठी लावायची आणि वाट बघायची. पतंग बाहेर पडला की कळणार, कुठल्या झाडाची अळी कुठला पतंग होते. मग सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पंखांच्या शिरा बघून चित्र काढायचं. आपल्यापैकी कुणी तांदूळ निवडताना इतका वेळ एका दाण्याकडे बघत नाही! असे 300 हून जास्त पतंग त्यांनी पहिल्यांदा नोंदवले.

धाकटी बहीण लुसी वनस्पतिशास्त्रज्ञ. दोघी अविवाहित, एकाच घरात राहायच्या. लुसींच्या जंगलांच्या अभ्यासासाठी दोघी मोटारीनं हजारो मैल हिंडल्या. 1950 साली लुसींचं जंगलांवरचं मोठं पुस्तक आलं, त्यांचं नाव झालं, ते रास्तच. पण शेजारी बसून पतंग गोळा करणाऱ्या थोरलीची आठवण फार कमी जणांनी ठेवली, हे आम्हाला खटकतं.

1971 मध्ये लुसी गेल्या. पुढच्याच वर्षी, नव्वदीकडे झुकलेल्या अ‍ॅनेटबाईंचा पान पोखरणाऱ्या पतंगांच्या आणखी एका कुळावरचा ग्रंथ छापून आला. 1978 साली त्या वारल्या. त्यांनी जमवलेले हजारो पतंग आज फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात टाचणीला लावून ठेवलेले आहेत, प्रत्येकाखाली चिठ्ठी.