टिंबाचा ‘को’ आणि रेघेचा ‘को’

आमच्या इमारतीची पाटी रंगवायला आलेल्या पेंटरने विचारलं, ‘चाचा, ‘को’च्या पुढे रेघ मारू की टिंब देऊ?’ खालच्या दुकानाच्या पाटीवर त्याने सकाळीच ‘अँड को.’ लिहिलं होतं, तिथे टिंब. आमची ‘को-ऑप. हाउसिंग सोसायटी’. बी.ए. झालेला मी, पण गडबडलो. त्याला चहा पाठवला आणि शब्दकोश काढला.

लॅटिनमध्ये ‘कुम्’ म्हणजे सोबत. शब्दाच्या आधी लागताना त्याचं ‘कॉम’ होतं आणि पुढे स्वर आला की नुसतं ‘को’ उरतं. ‘को-ऑपरेटिव्ह’मध्ये त्यापुढे काम आहे, आपला ‘सहकार’ही तसाच बांधलेला. टिंबाचा ‘को.’ मात्र कंपनीचं आखूड रूप. कंपनीत ‘कॉम’पुढे आहे ‘पानिस’, म्हणजे चक्क भाकरी! सोबत भाकरी मोडणारे ते कंपॅनियन, त्यांचा जमाव ती कंपनी. उर्दूतला ‘हमनिवाला’ हुबेहूब हाच. ‘हम’ म्हणजे सोबत, ‘निवाला’ म्हणजे घास.

याच पानिसचा पोर्तुगिजांनी पाव केला आणि आपल्याकडे आणला. गोव्यात दारोदार पाव विकणारा पोदेरही त्याच कुळातला. म्हणजे वडापावातला पाव आणि ईस्ट इंडिया कंपनी नात्यातलेच निघाले की!

श्रोतेहो, इथे माझा घास अडकला. 31 डिसेंबर 1600 रोजी सनद मिळालेल्या या कंपनीच्या नावातच भाकरी होती. 1765 मध्ये तिला बंगालची दिवाणी, म्हणजे सारावसुलीचा हक्क मिळाला. 1770 मध्ये तिथे भीषण दुष्काळ होता. खुद्द वॉरन हेस्टिंग्जने 1772 मध्ये लंडनला कळवलं की, प्रांतातली निदान एकतृतीयांश माणसं गेली, तरी 1771 ची निव्वळ वसुली 1768 पेक्षाही जास्त भरली. हा आकडा जबरदस्तीने टिकवला गेला, हेही त्यानेच लिहिलं. माणसं अन्नावाचून मेली आणि हिशेबाची वही धष्टपुष्ट राहिली.

जुन्या मराठीत तिला ‘कुंपणी’ म्हणत. मला त्यात कुंपण ऐकू येतं, आणि मग शेत खाणारं कुंपणही आठवतंच. कवीची खोड म्हणा हवं तर.

पेंटर चहा संपवून उभा होता. म्हटलं, ‘‘को’पुढे रेघ दे आणि ‘ऑप’पुढे टिंब.’

‘म्हणजे दोन्ही?’ म्हणत त्याने ब्रश बुडवला.