खाडा

आईची जन्मतारीख १ जून १९५४. खरी तारीख आजीलाही सांगता यायची नाही. ‘आषाढ होता आणि पाऊस धो धो’ एवढंच तिला आठवायचं. शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जून लावून टाकली, जशी त्या पिढीत कितीतरी जणांना लावली. सरकारी नियमाप्रमाणे एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे ३१ मे आला की कचेरी-कचेरीत शाल-श्रीफळाची गडबड उडते. टपाल खात्याच्या काउंटरवर चाळीस वर्षं काढून आई ३१ मे २०१४ ला, शनिवारी, घरी येणार होती. दुसऱ्या दिवशी तिला काही कळू न देता बाहेर जेवायला न्यायचं, असं दादानं आणि मी ठरवलं. न्यायचं कुठं, यावरून मात्र आमचं पंधरा दिवस वाजलं.

दादानं एका मोठ्या हॉटेलचा हॉल बघून ठेवला होता. कमीत कमी तीस ताटं, एसी, बुफे. मी बुफेलाच नाही म्हटलं. बुफेत आई काय करणार हे मला दिसत होतं: स्वतःचं ताट बाजूला ठेवून मामाला भात आणून देणार, नातवाला गुलाबजाम, आणि शेवटी उभ्या उभ्या दोन घास. आई आठ वर्षांची असल्यापासून वाढतेय. तिला एकदा तरी बसून, दुसऱ्या कोणी वाढलेलं जेवू द्यायचं होतं.

आजीची लालबागच्या चाळीत खानावळ होती. खानावळ म्हणजे आमचीच खोली. आजोबा गिरणीच्या साचेखात्यात होते, पण सहा माणसांच्या घराला एक पगार पुरत नव्हता. कावसजी दावरांनी १८५४ साली ताडदेवला कापडगिरणी काढायचं ठरवलं तेव्हापासून कोकणातून आणि घाटावरून माणसं मुंबईला येत राहिली. बायकामुलं गावी, इथं एकटा बाप्या. राहायला दहा-पंधरा जणांत मिळून एक गाळा, तोही पाळीपाळीनं झोपायला. अशा माणसाला चूल कुठली? गिरणगावात त्याला जेवू घातलं ते आजीसारख्या बायकांनी. आजीकडे अठरा जण जेवायचे. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत भाकऱ्यांची चवड तयार हवी, रातपाळीवाले परतायच्या आत दुसरी. आई शाळेत जायच्या आधी पाणी भरायची, पाट मांडायची, वाढायची. सगळे जेवून गेले की उरेल ते घरातल्या बायकांचं.

हिशोब निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत. आजीला लिहिता येत नसे, म्हणून ती आईच लिही. नाव, महिन्याचे पैसे आणि खाडे. गावी गेला, आजारी पडला, की जितके दिवस जेवला नाही तितके खाडे वजा. अठरा जणांचे खाडे त्या वहीत आहेत. आजीचा एकही नाही, कारण तिचं नावच त्यात नाही.

दादा म्हणाला, मग इराण्याकडे नेऊ. ते मलाही आवडलं असतं. धोबीतलावचं कयानी १९०४ चं, बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया १९२३ चं. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या. इराण्यानं गिऱ्हाइकाची जात विचारली नाही, हे त्याचे मुंबईवर मोठे उपकार आहेत. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं पुढं आली, गोपाळराव जोश्यांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि केवढं ग्रामण्य माजलं! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. रानडे आणि टिळकांसारख्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका कपासाठी. त्याच प्रांतात इराणी पुढं कोपऱ्या-कोपऱ्यावर कोणालाही चहा देत बसला. तरी बाईमाणसासाठी तिथंही लाकडी फळ्या मारून वेगळी ‘फॅमिली रूम’ असायची. आई नोकरीला लागली तेव्हा मैत्रिणीबरोबर एकदा अशा खोलीत चहा प्यायली होती. पडदा ओढून घेतला, तरी भीतीनं पाव घशाखाली उतरेना, असं ती सांगते. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी मला तिला त्या आठवणीत बसवायचं नव्हतं.

शेवटी माटुंगा ठरलं. प्लेगनंतर, १८९८ मध्ये, इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्यानं दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती उभारल्या. तिथं दक्षिणेकडून कारकून, टायपिस्ट, रेल्वेतले नोकरदार येऊन राहिले. त्यांतलेही पुष्कळ एकटे. त्यांच्यासाठी मणीज लंच होम १९३७ ला निघालं, कॅफे मद्रास १९४० ला, आणि स्टेशनला लागूनच १९४२ साली रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग. ‘बोर्डिंग’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. हौसेनं बाहेर खाणाऱ्यांसाठी निघालेलं हे हॉटेल नाही. घरापासून लांब राहणाऱ्या माणसाला रोजचं जेवण मिळावं म्हणून ते निघालं. म्हणजे आजीचाच धंदा, फक्त गिऱ्हाईक लेखणीवालं.

नायकांची पाटी अजून आहे, आजीची कधी नव्हतीच. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आजीच्या वहीत त्या महिन्यापासून खाडेच खाडे. आधी माणसं उधारीवर जेवली, आजीनं कोणाला नाही म्हटलं नाही. मग एकेक जण गावी गेला तो परतलाच नाही. प्रेमा पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या हातून सोडवून बँकेच्या दारापर्यंत नेलं. मुंबईच्या इतिहासात या कामाला मिळायला हवी तेवढी जागा अजून मिळालेली नाही, असं माझं ठाम मत आहे. आजी मात्र कुठल्याच मंडळात नव्हती. कामावरून काढलं की आपण ‘नारळ दिला’ म्हणतो आणि मानानं निरोप देतानाही नारळच देतो. आजीच्या हातात दोन्हींतला एकही पडला नाही. चूल थंडावली आणि आईच्या पगारावर घर चाललं.

रविवारी आईला सांगितलं, माटुंग्याच्या बाजारात मामीला वेणी घ्यायची आहे. बोर्डिंगचा जिना चढून वर गेलो तर रांगेत मामा, मावशी आणि आईच्या काउंटरवरच्या तिघी उभ्या. आई आधी चिडली. ‘एवढ्या लोकांचं घरी केलं असतं की!’ मग रांगेत मावशीचा हात धरून गप्प उभी राहिली.

समोर केळीचं पान आलं. वाढपी चटणी, दोन भाज्या, पुऱ्या, भात, त्यावर सांबार असं भराभर वाढत पुढं सरकत होता. आईनं सवयीनं मामाच्या पानाकडे बघितलं, त्याचा भात संपला होता. ती अर्धी उठलीसुद्धा. तेवढ्यात वाढपी आला, मामाला भात वाढला आणि आईच्या पानावर वाकून म्हणाला, ‘बसा मावशी. तुम्हाला काय हवं?’

आई खाली बसली. थोडा वेळ तिला काही सुचेना. मग म्हणाली, ‘ताक.’

ताक पिऊन झाल्यावर तिनं त्याला विचारलं, ‘दिवसाला किती पानं होतात?’ त्यानं आकडा सांगितला. आईनं मान डोलावली आणि मला हळूच म्हणाली, ‘अठराच होते गं आपल्याकडे. पण रोज.’