पडायचे पैसे

२ डिसेंबर १९६३. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत तुम्ही रिंगपासून तिसऱ्या रांगेत बसला आहात. एका मासिकातून हजार डॉलरची पैज लागली आहे: ज्युदोवाल्याने बॉक्सरला हरवून दाखवावं. बॉक्सर मायलो सॅव्हेज इथलाच, त्यामुळे आरडाओरडा सगळा त्याच्या नावाने. समोर लाल केसांचा जीन लेबेल, १९५४ आणि १९५५ चा राष्ट्रीय ज्युदो विजेता.

आत्ता धोबीपछाड बसेल असं वाटतं, पण बसत नाही. बॉक्सरच्या अंगातल्या अंगरख्याला घातलेली पकड सुटते, पुन्हा सुटते. (मायलोने अंगाला ग्रीस चोपडलं होतं, असं जीन पुढे सांगायचा.) चौथ्या फेरीत मायलो खाली येतो आणि मागून त्याच्या गळ्याला विळखा पडतो. नीट बघा. दाब श्वासनळीवर नाही, मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्यांवर आहे. काही सेकंदांत बॉक्सर ढिला पडतो, आणि बराच वेळ शुद्धीवर येत नाही. पब्लिक खवळलंय; तुम्ही दाराकडे सरकलेलं बरं.

पण ज्युदोच्या पदकांवर चूल पेटत नाही. जीनची आई आयलीन ईटन लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिक ऑडिटोरियममध्ये कुस्त्या-बॉक्सिंगचे फड भरवायची. पोरगा तिथेच वाढला आणि व्यावसायिक कुस्तीत उतरला. आपण जिला नूरा कुस्ती म्हणू, तीच ही: निकाल आधी ठरतो, मग कुस्ती होते. ज्युदोत पहिल्यांदा पडायलाच शिकवतात. हनुवटी छातीला, पाठ गोल, टेकता टेकता हात चटईवर सणकन आपटायचा. तीच विद्या कुस्तीत आणि सिनेमाच्या स्टंटमध्ये रोजीरोटी झाली.

१९६६, ‘द ग्रीन हॉर्नेट’ या टीव्ही मालिकेचा सेट. ब्रूस ली स्टंटवाल्यांना खरेच फटके देतोय. जीन त्याला उचलून खांद्यावर आडवा टाकतो आणि सेटभर फिरवतो. खाली ठेव, नाहीतर जीव घेईन, असं ली ओरडत होता. म्हणूनच ठेवत नव्हतो, असं जीन हसत सांगायचा. पुढे दोघे एकमेकांना डाव शिकवू लागले.

आता २६ जून १९७६, टोकियोचं बुदोकान. बॉक्सर मुहम्मद अलीविरुद्ध जपानी कुस्तीगीर अंतोनियो इनोकी, पंच जीन. इनोकी आपणहून पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा झाडतोय. पंधरा फेऱ्या हेच! प्रेक्षक वैतागलेत. खाली पडलेल्या माणसाजवळ जाणं किती महागात पडतं, हे त्या रिंगमध्ये जीनइतकं कोणाला ठाऊक असणार? त्याच्या गुणपत्रिकेवर ७१–७१.