टँगोत ड्रम का टिकला नाही

व्हायोलिन-चेलोचा क्वार्टेट, इलेक्ट्रिक गिटार आणि टँगो ही तिन्ही एकाच रेकॉर्डवर ऐकू आली, की आपण ‘फ्यूजन’ म्हणून मोकळे होतो. एकमेकांना अनोळखी अशा तीन गोष्टींची कुणीतरी हौसेने मोट बांधली, असा त्या शब्दाचा रोख असतो. ब्युनोस आयर्सचा इतिहास तपासला तर हा रोख चुकीचा ठरतो. रॉक जन्माला येण्याच्या कितीतरी आधी टँगो चेंबर संगीताच्या घाटात बसला होता. 1924 साली हुलिओ दे कारोने जो सहा जणांचा ताफा उभा केला, त्यात दोन व्हायोलिन, दोन बांदोनेऑन, एक पियानो आणि एक डबल बास होता. बांदोनेऑन हे मूळचे जर्मन वाद्य. आपल्या पेटीसारखेच ते भात्याच्या हवेवर बोलते, फक्त मांडीवर ठेवून दोन्ही हातांनी ताणायचे. या सहांत तालवाद्य एकही नाही, आणि माझ्या मते पुढच्या साऱ्या इतिहासाची किल्ली इथेच आहे. ड्रम नाही म्हणून ताल धरण्याची जबाबदारी सुरांच्या वाद्यांवर पडली. पियानोचा डावा हात आणि बास ठोका देऊ लागले, बांदोनेऑनवाला भात्याला हिसका देऊन मात्रा तोडू लागला. व्हायोलिनवाल्यांनी तर खास युक्त्या काढल्या. त्यांतली एक ‘चिचार्रा’. स्पॅनिशमध्ये हे एका किरकिऱ्या किड्याचे नाव. घोडीच्या पलीकडे, जिथे सहसा कुणी वाजवत नाही, तिथे तारेवर गज घासायचा. सूर निघत नाही, कोरडी खरखर निघते. दुसरी ‘लातिगो’ म्हणजे चाबूक: बोट तारेवरून झर्रकन वर सरकवायचे. गोडव्यासाठी घडलेल्या वाद्याकडून इतके खरबरीत काम करून घेणारी परंपरा चेंबर संगीताशी आणि पुढे रॉकशीही बोलू शकली, यात नवल नाही.

बांदोनेऑनवादक आणि रचनाकार आस्तोर पियाझोला याच परंपरेत वाढला, जरी त्याचे लहानपण न्यूयॉर्कमध्ये गेले होते. 1939 मध्ये तो आनिबाल त्रोइलोच्या वाद्यवृंदात शिरला आणि 1941 पासून आल्बेर्तो हिनास्तेराकडे पाश्चात्त्य रचनाशास्त्र शिकू लागला. दिवसा बार्टोक आणि स्ट्राविन्स्की, रात्री नाचगाण्याचे हॉल, अशी ती ओढाताण. त्याने लिहून आणलेल्या स्वरलिपीवर त्रोइलो खोडरबर चालवी, हे प्रसिद्धच आहे. नाचणाऱ्यांच्या पायांत येतील ते सूर जात. 1954 मध्ये तो पॅरिसला नादिया बूलांजेकडे रचना शिकायला गेला. तिथे तिने त्याला सिंफनीकडून पुन्हा टँगोकडे वळवले. 1955 मध्ये परतल्यावर त्याने ‘ओक्तेतो ब्युनोस आयरेस’ काढला: दोन बांदोनेऑन, दोन व्हायोलिन, चेलो, डबल बास, पियानो आणि इलेक्ट्रिक गिटार. दे कारोच्या सहांत फक्त दोघांची भर, असे म्हटले तरी चालेल. गिटारवादक ओरासिओ माल्विसिनो जॅझमधून आला होता, म्हणजे ती गिटार रॉकची नव्हती हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. पण ताफ्यात विजेवरच्या वाद्यासाठी एक खुर्ची राखली गेली, ती तेव्हापासून.

यावर जुन्या टँगोप्रेमींचा आक्षेप आजही तोच आहे: ज्यावर नाचता येत नाही तो टँगो कसला? आक्षेप पोकळ नाही. टँगो पायांतूनच वाढला, आणि ओक्तेतोने तर संगीत ऐकण्यासाठी आहे, नाचण्यासाठी नाही, असे उघड ठरवले होते. पण नाच वजा केल्यावर काही उरले की नाही, हे कानाने तपासता येते. आठ मात्रा घ्या आणि तीन-तीन-दोन अशा मोडून टेबलावर पहिल्या, चौथ्या, सातव्या मात्रेला बोट आपटा. पियाझोलाच्या कितीतरी रचना तिथल्या तिथे ओळखू येतील. न्यूयॉर्कमधल्या ज्यू लग्नांच्या संगीताची ती छाप, असे तो सांगे. पण हीच मोडणी मिलोंगा या जुन्या नाचाच्या ठेक्यातही सापडते. ठेका राहिला, फक्त पायांतून बोटांत आला.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. ‘लिबेरतांगो’ ही त्याची सर्वांत गाजलेली रचना. 1974 मध्ये मिलानला ध्वनिमुद्रित झालेल्या त्या रेकॉर्डवर ड्रम आहे, बास गिटार आहे. मग तालवाद्याविना टँगो हा सिद्धांत कुठे राहिला? उत्तर पुढच्या चार वर्षांत आहे. 1975 मध्ये त्याने सिंथेसायझर, बास गिटार आणि ड्रमसह इलेक्ट्रॉनिक ओक्तेतो उभारला, रॉकच्या पिढीला जिंकायचा तो उघड प्रयत्न होता. 1977 नंतर तो ताफा उरला नाही. 1978 मध्ये पाच जणांचे जे पंचक बांधले, त्यात बांदोनेऑन, व्हायोलिन, पियानो, डबल बास आणि इलेक्ट्रिक गिटार. गिटार राहिली, ड्रम गेला, आणि हे पंचक दहा वर्षे चालले. ड्रमने ताल आयता हाती दिला की चिचार्राला काम उरत नाही, बांदोनेऑनचा हिसका शोभेपुरता होतो. ‘लिबेरतांगो’ मला म्हणूनच त्याच्या उत्तम रचनांत धरवत नाही. तिची सुरावट पक्की आहे, पण तिथे वादकांना घाम गाळावा लागत नाही. उलट बाजूने, लुइस आल्बेर्तो स्पिनेत्ताच्या ‘इनविसिब्ले’ या रॉक बँडने 1976 च्या अल्बममध्ये बांदोनेऑन घेतले, तेव्हा रॉकला एक नवा श्वास मिळाला. रॉकमध्ये ड्रम घरचाच होता, तिथे बांदोनेऑनला ताल राखायची सक्तीच नव्हती.

तिसरे टोक, म्हणजे क्वार्टेट, अमेरिकेतले. 1973 मध्ये डेव्हिड हॅरिंग्टनने स्थापलेला क्रोनोस क्वार्टेट रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचे ‘पर्पल हेझ’ चार तंतुवाद्यांवर वाजवत असे, आणि याच क्वार्टेटने 2005 मध्ये आशा भोसले यांच्याबरोबर राहुल देव बर्मन यांच्या गाण्यांचा अल्बम काढला, म्हणून मराठी कानांना तो अगदी परका नाही. पियाझोलाने त्यांच्यासाठी ‘फोर, फॉर टँगो’ लिहिले. त्यांच्यासह स्वतः बांदोनेऑन वाजवलेले ‘फाइव्ह टँगो सेन्सेशन्स’ 1991 मध्ये बाहेर आले. पुढच्याच वर्षी तो गेला. दोन्ही ऐका, पण आधी ‘फोर, फॉर टँगो’. घोडीपलीकडची ती खरखर त्यात ऐकू येते. बांदोनेऑन नाही, गिटार नाही, ड्रम नाही.