स्वतःच्या डेटा टाइपचा अ‍ॅरे कसा बनवायचा? (जावा आणि सी)

नुसत्या वजनांचा अ‍ॅरे आपण सगळेच बनवतो. पण शेतकऱ्याचं नाव, पोती आणि किलो एकत्र ठेवायचे असतील तर? तीन वेगळे अ‍ॅरे करता येतात, पण एक सॉर्ट केला की बाकीचे दोन जागेवरच राहतात आणि एकाचं भात दुसऱ्याच्या नावावर जातं.

मुरबाडला काकांच्या भात गिरणीसाठी मी जावात 'नोंद' नावाचा क्लास केला आणि त्याचा अ‍ॅरे बनवला (कोड इथे देवनागरीत देतोय, तुम्ही इंग्रजीतच टाइप करा):

नोंद[] यादी = न्यू नोंद[100];

इथेच बहुतेक जण फसतात. या ओळीने 100 नोंदी तयार होत नाहीत, फक्त 100 रिकामे कप्पे होतात. प्रत्येकात नल. लगेच यादी[0].किलो = 52 लिहिलं तर नल पॉइंटर एक्सेप्शन ठरलेलं. प्रत्येक कप्प्यासाठी न्यू नोंद() वेगळं करावं लागतं.

मी ते केलं, पण लूपच्या वर, एकदाच! मग सगळे कप्पे त्याच एका ऑब्जेक्टकडे बोट दाखवत राहिले. संध्याकाळी प्रिंट काढली तर प्रत्येक ओळीत शेवटच्या माणसाचं नाव आणि त्याचंच वजन. काका म्हणाले, "अरे, सगळं भात त्या एकट्यानेच आणलं काय?" वहीत नोंदी होत्या म्हणून लोकांचा हिशोब वाचला. ती एक ओळ लूपच्या आत घेतली आणि काम झालं.

सी मध्ये स्ट्रक्टचा अ‍ॅरे केला की नोंदी मेमरीत खरोखर ओळीने बसतात, तिथे नलचा प्रश्न नाही. नावाला 40 बाइट, पोत्यांचा इंट 4, किलोचा फ्लोट 4, म्हणजे साधारण 48 बाइट. 100 नोंदींना 4800. मात्र फंक्शनमधल्या अ‍ॅरेला सुरुवातीची किंमत दिली नाही तर आत कचरा असतो. आणि मराठी नावं ठेवणार असाल तर 40 कमी पडतात: यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह 3 बाइट घेतं, काना-मात्रासुद्धा वेगळी. 'मुरबाड' एवढ्यालाच 18! मी 120 ठेवतो.

हंगामात किती गाड्या येतील ते आधी कळत नाही, म्हणून जावात अ‍ॅरेलिस्ट बरी. साधाच अ‍ॅरे वापरून किलोप्रमाणे सॉर्ट करणार असाल, तर भरलेल्या कप्प्यांपुरतीच रेंज द्या, नाहीतर उरलेले नल परत तोच एरर देतात.